चार संघांचा आशिया

आशियाई करंडक हा युरोपच्या करंडकापेक्षा वयाने मोठा आहे, हे फुटबॉलचं वेड असलेल्या माणसालाही सांगितलं तर त्याचा चटकन विश्वास बसत नाही. पण तारखा स्पष्ट आहेत. आशियाई अजिंक्यपदाची पहिली स्पर्धा सप्टेंबर १९५६ मध्ये हाँगकाँगला झाली. आफ्रिकेची पहिली स्पर्धा १९५७ मध्ये सुदानमधल्या खार्टूमला झाली आणि युरोपची १९६० मध्ये फ्रान्सला. आशियाच्या आधी फक्त दक्षिण अमेरिका होती. तिथे १९१६ पासून हे सामने रंगत होते. आणि या आशियाई करंडकाच्या तिसऱ्याच स्पर्धेत, १९६४ साली, भारत उपविजेता होता. पुरुषांच्या आशियाई करंडकातली ती आपली आजवरची सर्वोत्तम कामगिरी आहे.

मसुऱ्यात हा विषय काढला की पोरं ऐकून घेतात, पण तोंडावर नवल दिसतं. मालवण तालुक्यातलं आमचं हे गाव क्रिकेटचं आणि कबड्डीचं. भाताची कापणी झाली की मळ्यांत खेळपट्ट्या पडतात, आंगणेवाडीच्या जत्रेला आलेले चाकरमानीसुद्धा गप्पा मारतात त्या क्रिकेटच्याच. दोनेक तासांवर बांद्यापुढे पत्रादेवी ओलांडली की फुटबॉलचा मुलूख सुरू होतो, आणि दुसऱ्या टोकाला, जिथे आमच्या घरटी एक माणूस नोकरीला गेला, त्या मुंबईत कूपरेजचं मैदान आहे. म्हणजे या किनारपट्टीच्या दोन्ही अंगांना फुटबॉल नांदत होता. आशियातल्या सुरुवातीच्या स्पर्धांमध्ये भारताकडून जे खेळले, त्यांतले काही या दोन ठिकाणांहूनच गेले. म्हणून हा इतिहास आपलाही आहे, आणि तो नीट तपासून पाहायला हवा.

या इतिहासाबद्दल आपल्याकडे दोन मतं ऐकू येतात. एक मत म्हणतं, तो सुवर्णकाळ होता, आपण आशियाचे राजे होतो. दुसरं म्हणतं, चार संघांत दुसरे आलो, त्यात काय मोठंसं! मला दोन्ही मतं अपुरी वाटतात. भारतीय संघ त्या काळात खरोखर चांगला होता, याचे पुरावे भक्कम आहेत. पण ते पुरावे मुख्यतः आशियाई करंडकात सापडत नाहीत, एशियाडमध्ये आणि ऑलिंपिकमध्ये सापडतात. करंडकाला आपण पहिल्यापासून दुय्यम मानलं, आणि त्याची किंमत पुढे मोजली.

सुरुवात मात्र बरीच मागे नेली पाहिजे. आशियातल्या दोन देशांचा पहिला फुटबॉल सामना १९१३ साली मनिलात झाला. फिलिपिन्सने चीनला २-१ असं हरवलं. फार ईस्टर्न गेम्स या नावाने भरणाऱ्या क्रीडास्पर्धांचा तो भाग होता. चीन, जपान आणि फिलिपिन्स हे तिथले मुख्य भिडू. १९१७ मध्ये टोकियोत फिलिपिन्सने जपानवर चक्क पंधरा गोल चढवले. आजचा जपान पाहणाऱ्याला हा आकडा छापण्यातली चूक वाटेल. १९१५ पासून मात्र चीनने हे अजिंक्यपद हातचं जाऊ दिलं नाही. १९३० साली तेवढं जपानशी ३-३ अशा बरोबरीमुळे ते वाटून घ्यावं लागलं. १९३४ नंतर या स्पर्धा बंद पडल्या, कारण जपानने मांचुरियात उभारलेल्या बाहुल्या राज्याला प्रवेश द्यायचा की नाही, यावर भांडण पेटलं. आशियाई फुटबॉलच्या वाटेत राजकारण असं पहिल्यापासून आडवं येत होतं.

ब्रिटिशांच्या ताब्यातला भारत या स्पर्धांमधल्या फुटबॉलच्या परिघाबाहेर होता. आपल्याकडे फुटबॉल होता तो पलटणींचा आणि करंडकांचा. मुंबईचा रोव्हर्स करंडक १८९१ साली सुरू झाला आणि पहिला मान वूस्टर रेजिमेंटने पटकावला. पुढची कित्येक वर्षं तो गोऱ्या पलटणींकडेच फिरत राहिला. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो जिंकला, तेव्हा पहिल्यांदा एका भारतीय संघाचं नाव त्यावर कोरलं गेलं. त्याच वर्षी सिमल्यात अखिल भारतीय फुटबॉल महासंघ स्थापन झाला. त्याच्या आदल्या वर्षी बर्लिन ऑलिंपिकला निघालेला चिनी संघ वाटेत आग्नेय आशियात, ब्रह्मदेशात आणि भारतात सामने खेळत, प्रवासाचे पैसे उभे करत गेला होता. पुढे जग पाहिलेल्या आशियाई फुटबॉलपटूंची पहिली पिढी ती हीच.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदललं. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारत फ्रान्सकडून २-१ असा हरला. बरेच खेळाडू अनवाणी होते, तरी सामना शेवटपर्यंत रंगला. १९५० च्या विश्वचषकाला आपल्याला जागा मिळाली ती गटातल्या बाकीच्या देशांनी माघार घेतल्यामुळे, पण आपणही गेलो नाही. बूट नव्हते म्हणून गेलो नाही, ही दंतकथा आजही शाळेच्या निबंधांत सापडते. खरी गोष्ट इतकीच की महासंघाच्या लेखी तेव्हा ऑलिंपिक हेच सर्वस्व होतं आणि विश्वचषकाचं महत्त्व कोणाला उमगलं नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण आशियाई करंडकाच्या बाबतीतही पुढे तेच घडलं.

मार्च १९५१ मध्ये दिल्लीत पहिलं एशियाड भरलं. फुटबॉलला सहा संघ होते आणि सामने ऐंशी मिनिटांचे होते. भारताने इंडोनेशिया आणि अफगाणिस्तान यांना प्रत्येकी तीन गोलांनी हरवलं आणि अंतिम सामन्यात साहू मेवालालच्या एकमेव गोलवर इराणला नमवलं. कर्णधार सैलेन मन्ना, प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, आणि प्रेक्षकांत पंडित नेहरू. इराणच्या बाजूने एक गोष्ट नोंदवायलाच हवी. उपांत्य फेरीत जपानशी बरोबरी झाल्याने त्यांना तो सामना पुन्हा खेळावा लागला होता, त्यामुळे ते जास्तीच्या सामन्याचा शिणवटा घेऊन उतरले होते. तरीही सुवर्णपदक ते सुवर्णपदकच.

रहीमसाहेबांचं नाव मुंबईकरांना परकं नव्हतं. त्यांच्या हैदराबाद पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स करंडक जिंकला. गिरण्यांत, गोदीत, ऑफिसांत राबणाऱ्या माणसांना आशियातला सर्वांत कल्पक प्रशिक्षक आपल्या संघासह दरवर्षी कूपरेजवर पाहायला मिळत होता. पुढे भारतीय संघ ज्या पद्धतीने खेळला, चेंडू जमिनीलगत ठेवून छोटे पास देत, जागा बदलत, त्याची उजळणी मुंबईतच होत होती, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

१९५२ ते १९५५ या काळात भारत, पाकिस्तान, सिलोन आणि ब्रह्मदेश यांची कोलंबो करंडक नावाची चौरंगी स्पर्धा भरली. कोलंबो, रंगून, कलकत्ता, ढाका अशी ती फिरली. चारही वेळा भारत जिंकला, पैकी पहिल्या वेळी पाकिस्तानबरोबर विभागून. प्रादेशिक पातळीवर आपण वरचढ होतो यात शंका नाही. पण त्याच काळात १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपला १०-१ असा धुव्वा उडवला होता. त्या पराभवाने एक चांगलं काम केलं: बूट घालून खेळणं सक्तीचं झालं.

आशियाई फुटबॉल महासंघाची स्थापना ८ मे १९५४ रोजी मनिलात झाली, दुसरं एशियाड तिथे चालू असताना. बारा संस्थापक देशांत भारत होता. या एशियाडमध्ये सुवर्ण मिळालं ते तैवानला, आणि त्या संघात बहुतेक खेळाडू हाँगकाँगचे होते. तेव्हाचा आशिया असाच होता. एकाच शहरात वाढलेले दोघे दोन वेगवेगळ्या झेंड्यांखाली खेळत. देश नुकते जन्मत होते, कोरिया आणि व्हिएतनाम दोन तुकड्यांत विभागले होते, आणि कोण कोणाशी खेळणार हे परराष्ट्र खात्यांत ठरत होतं.

अशा वातावरणात १९५६ ची पहिली स्पर्धा हाँगकाँगला झाली. संघ चारच: यजमान हाँगकाँग, दक्षिण कोरिया, इस्रायल आणि दक्षिण व्हिएतनाम. इस्रायल पात्रता फेरीत एकही सामना न खेळता आला, कारण त्याच्या गटातल्या अफगाणिस्तान आणि पाकिस्तानने माघार घेतली. साखळी पद्धतीने सहा सामने झाले. कोरियाने हाँगकाँगशी २-२ अशी बरोबरी केली, इस्रायलला २-१ आणि व्हिएतनामला ५-३ असं हरवलं, आणि आशियाचा पहिला विजेता ठरला. भारताने या स्पर्धेसाठी नावच दिलं नव्हतं.

आता त्याच वर्षाच्या अखेरीस मेलबर्नमध्ये काय झालं ते पाहा. आशियाचा विजेता दक्षिण कोरिया तिथे पोहोचलाच नाही. पात्रता सामन्यांत जपानशी त्याची बरोबरी झाली आणि चिठ्ठ्या टाकल्यावर कौल जपानच्या बाजूने लागला. आणि ज्या भारताने हाँगकाँगला पाठ फिरवली होती, तो ऑलिंपिकमध्ये चौथा आला. अर्थात इथेही नशिबाची साथ होती. हंगेरीने माघार घेतल्यामुळे पहिल्या फेरीत भारताला पुढे चाल मिळाली. पण उपांत्यपूर्व सामन्यात यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवणं हा नशिबाचा भाग नव्हता. त्यातले तीन गोल मारले नेव्हिल डिसूझाने. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्याचाच होता. सामना आपण ४-१ असा हरलो, पण चार गोलांसह नेव्हिल स्पर्धेतल्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या पंक्तीत बसला.

नेव्हिल मुंबईच्या टाटा संघाचा खेळाडू, आणि मूळचा गोव्याचा. गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या, त्यानंतर सीमा बंद झाली. आमच्या जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना तो दिवस आणि बांद्याच्या रस्त्याने आलेले जखमी अजून आठवतात. त्यानंतर जेमतेम सव्वा वर्षात, ज्याच्या गावात परका झेंडा फडकत होता असा एक गोवेकर तरुण मेलबर्नमध्ये भारताचा पोशाख घालून गोल मारत होता. सिंधुदुर्गातल्या वाचकाने भारतीय फुटबॉलमधली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ती ही ठेवावी, असं मला मनापासून वाटतं. नेव्हिल १९८० साली गेला, पन्नाशीही न गाठता. त्याच्या नावाचं एखादं मैदान, एखादी शालेय स्पर्धा या किनारपट्टीवर असायला हवी होती.

मेलबर्नच्या त्या संघात एस. एस. नारायण हा मुंबईचा गोलरक्षकही होता, १९६० च्या रोम ऑलिंपिकलाही तो गेला. कालटेक्सकडून खेळणारा हा माणूस. टाटा, कालटेक्स, मफतलाल अशा कंपन्यांच्या आणि गिरण्यांच्या संघांवर मुंबईचं फुटबॉल उभं होतं. नोकरी मिळायची, संध्याकाळी सरावाला सुट्टी मिळायची, आणि खेळाडूचं घर चालायचं. १९५४-५५ मध्ये मुंबईने आणि १९६३-६४ मध्ये महाराष्ट्राने संतोष करंडक जिंकला, तो या व्यवस्थेच्या जोरावर.

दुसऱ्या आशियाई करंडकासाठी भारताने नाव दिलं. पश्चिम विभागाची पात्रता फेरी डिसेंबर १९५९ मध्ये एर्नाकुलमला, म्हणजे आपल्याच घरी झाली. इस्रायल, इराण, पाकिस्तान आणि भारत. पुढे गेला तो इस्रायल. १९६० ची स्पर्धा सेऊलला झाली, कोरियाने पुन्हा बाजी मारली, इस्रायल पुन्हा दुसरा. या विजयाला एक कडू शेपूट आहे. कोरियाच्या खेळाडूंना मिळालेली सुवर्णपदकं नुसता मुलामा दिलेली निघाली, आणि त्यांनी ती संघटनेला परत केली. त्यानंतर कोरियाने आजवर एकदाही आशियाई करंडक जिंकलेला नाही.

आणि मग जकार्ता. १९६२ चं एशियाड.

हे एशियाड सुरू होण्याआधीच पेटलं होतं. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला. एशियाडचे एक प्रवर्तक, भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी, दोन सदस्य देशांना वगळल्यावर या स्पर्धांना एशियाड म्हणता येणार नाही अशी भूमिका घेतली. त्यावर जकार्तात भारताविरुद्ध संताप उसळला, भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. मैदानात उतरेल त्या भारतीयाची हुर्यो उडवली जाऊ लागली.

फुटबॉलची सुरुवातही वाईट झाली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला दोन गोलांनी हरवलं. थायलंडवर ४-१ असा विजय मिळाला, पण बचावफळीचा आधारस्तंभ जर्नैल सिंगचं डोकं फुटलं आणि टाके घालावे लागले. जपानला २-० असं हरवून भारत उपांत्य फेरीत आला. जर्नैल बचावात उभा राहिला असता तर उंचावरून येणारे चेंडू डोक्याने परतवताना जखम उघडली असती. रहीमसाहेबांनी त्याला डोक्यावरच्या पट्टीसकट सेंटर फॉरवर्डच्या जागी उभं केलं. त्या जागेवर तो कधीकाळी खेळलेला होता. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामला ३-२ असं हरवताना त्याचा उपयोग झाला.

४ सप्टेंबरचा अंतिम सामना पुन्हा कोरियाशीच. सेनायानचं मैदान, लाखभर प्रेक्षक, आणि जवळजवळ सगळे भारताच्या विरोधात. गोलरक्षक पीटर थंगराज तापातून उठलेला. त्रिलोक सिंगच्या पायाच्या बोटाला दुखापत. खेळाडूंनी पुढे अनेक मुलाखतींत सांगितलं की आदल्या रात्री रहीमसाहेबांनी त्यांच्याकडे एकच भेट मागितली, उद्याचं सुवर्ण. त्यांच्या अंगात कर्करोग भिनला होता, हे तेव्हा फार थोड्यांना ठाऊक होतं. राष्ट्रगीताच्या वेळी हुर्यो चालू होती. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जीने गोल केला, आणि तीन मिनिटांतच पट्टी बांधलेल्या जर्नैलने दुसरा. कोरियाचा गोल झाला तोवर खेळ संपत आला होता. भारत २-१. स्टेडियममध्ये भारतासाठी ओरडणारे मूठभर लोक होते, त्यात पाकिस्तानच्या हॉकी संघातले खेळाडू होते.

त्या अकरा जणांत मधल्या फळीत फोर्तुनातो फ्रँको होता, गोव्यात जन्मलेला आणि मुंबईत घडलेला. चुनी गोस्वामी, बॅनर्जी आणि बलराम यांची नावं सर्वांच्या तोंडी असतात. मागून चेंडू काढून या तिघांच्या पायाशी पोहोचवणाऱ्यांपैकी एक फ्रँको, त्याचं नाव फारसं कोणी घेत नाही. २०२१ च्या मे महिन्यात तो गेला, त्याच वर्षी नारायणही. रहीमसाहेब तर जकार्तानंतर वर्षही काढू शकले नाहीत, जून १९६३ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यानंतर एशियाडमध्ये भारताला फुटबॉलचं सुवर्ण मिळालेलं नाही.

जकार्ताच्या या पार्श्वभूमीवर १९६४ चा आशियाई करंडक पाहायला हवा. यजमान इस्रायल. सोळांपैकी अकरा देशांनी राजकीय कारणांनी माघार घेतली. भारताच्या गटातले बाकीचे सगळे गळाले, त्यामुळे भारत पात्रतेचा सामना न खेळताच थेट पोहोचला. भारताने इस्रायलला मान्यता १९५० साली दिली होती, पण पूर्ण राजनैतिक संबंध १९९२ पर्यंत नव्हते. तरी आपला संघ गेला, ही गोष्ट आज विसरली गेली आहे. दोन वर्षांपूर्वी जकार्तात इस्रायलला वगळण्याविरुद्ध एक भारतीय उभा राहिला होता, त्याच्याशी हे सुसंगतच होतं.

कर्णधार चुनी गोस्वामी, प्रशिक्षक इंग्लंडचे हॅरी राइट. पहिला सामना २७ मे १९६४ रोजी हैफात, दक्षिण कोरियाशी. त्याच दिवशी दुपारी दिल्लीत पंडित नेहरूंचं निधन झालं. ज्यांनी १९५१ चा अंतिम सामना मैदानात बसून पाहिला होता, ते नेहरू गेले त्या दिवशी भारताने दोन वेळच्या आशियाई विजेत्याला २-० असं हरवलं. गोल अप्पलाराजू आणि इंदर सिंगचे. पुढच्या सामन्यात इस्रायलने आपल्याला २-० असं हरवलं. पुढे १९७० च्या विश्वचषकात इस्रायलसाठी गोल करणारा मोर्देखाय श्पीगलर त्या संघात होता. मग हाँगकाँगला भारताने ३-१ असं हरवलं, गोल इंदर सिंग, समाजपती आणि गोस्वामीचे. इस्रायलने तिन्ही सामने जिंकले, भारत दोन विजयांसह दुसरा. इंदर सिंग सर्वाधिक गोल करणाऱ्यांत होता, जेमतेम विशीतला पोरगा.

आता हिशेब मांडू. चार संघांची स्पर्धा म्हणून तिला हिणवणाऱ्यांनी जरा बाहेर पाहावं. १९१६ ची पहिली दक्षिण अमेरिकी स्पर्धा चारच संघांची होती, आणि उरुग्वेने दोन कृष्णवर्णीय खेळाडू उतरवले म्हणून चिलीने तक्रार गुदरली होती. १९५७ ची आफ्रिकी स्पर्धा तीन संघांत आटोपली, कारण दक्षिण आफ्रिका वंशभेदी धोरणावर अडून बसल्याने बाहेर गेली. १९६० च्या युरोपीय स्पर्धेची अंतिम फेरीही चार संघांची, आणि जनरल फ्रँकोच्या स्पेनने सोव्हिएत संघाशी खेळायला नकार दिलेला. सगळ्याच खंडांची सुरुवात अशी लहान आणि भांडणांनी भरलेली आहे. तरीही उरुग्वे, इजिप्त आणि सोव्हिएत संघ यांच्या पहिल्या विजयांना कोणी कमी लेखत नाही.

पण सुवर्णकाळाचे गोडवे गाणाऱ्यांनाही एक प्रश्न विचारायला हवा. जो देश १९५१ आणि १९६२ मध्ये एशियाड जिंकतो, १९५६ मध्ये ऑलिंपिकमध्ये चौथा येतो, तो आशियाई करंडकात मात्र १९५६ ला नाव देत नाही, १९६० ला पात्र ठरत नाही, १९६८ ला पुन्हा ठरत नाही, आणि १९७२, १९७६, १९८० या तिन्ही वेळी भागच घेत नाही, हे कसं? कारण सरळ आहे. महासंघाच्या लेखी मोठं होतं ते ऑलिंपिक, मग एशियाड, मग देशातले करंडक. कलकत्त्याचे आणि मुंबईचे मोठे क्लब आपापल्या करंडकांसाठी जीव टाकत, आणि राष्ट्रीय संघाला सराव मिळे तो उरल्यासुरल्या दिवसांत. आशियाई करंडक म्हणजे आणखी एक परदेशी स्पर्धा, एवढीच त्याची किंमत होती. १९५० च्या विश्वचषकाच्या वेळची चूक आपण वीसहून अधिक वर्षं गिरवत राहिलो.

याच काळात बाकीचे पुढे गेले. १९६८ ला तेहरानमध्ये पाच संघ होते, इराणने निर्णायक सामन्यात इस्रायलला हरवलं आणि पुढे १९७२ आणि १९७६ सुद्धा जिंकून सलग तीनदा करंडक उचलला. १९७४ साली इस्रायलला आशियाई महासंघातून बाहेर काढण्यात आलं, आखाती देशांचं वजन वाढलं, आणि स्पर्धा खऱ्या अर्थाने मोठी झाली. भारत १९८४ मध्ये सिंगापूरला परतला तेव्हा इराणशी एक गोलशून्य बरोबरी सोडली तर हाती काही लागलं नाही. २०११ ला तीन पराभव. २०१९ ला थायलंडवर ४-१ असा देखणा विजय, पण गटातच शेवट. २०२४ च्या जानेवारीत कतारमध्ये तीन सामने, एकही गोल नाही. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरकडून हरून आपण २०२७ च्या स्पर्धेतूनही बाहेर पडलो. नेव्हिल आणि फ्रँको यांच्या गोव्यात हे व्हावं, याचं दुःख वाटतं.

या सगळ्या आढाव्यात महिलांची स्पर्धा बहुतेक वेळा वगळली जाते, आणि हा मला मोठा अन्याय वाटतो. महिलांचं आशियाई अजिंक्यपद १९७५ मध्ये हाँगकाँगलाच सुरू झालं. तिसऱ्या स्पर्धेत, जानेवारी १९८० मध्ये कालिकतला, भारतीय महिला अंतिम सामन्यात पोहोचल्या आणि तैवानकडून हरल्या. १९८३ मध्ये बँकॉकला पुन्हा अंतिम सामना, पुन्हा उपविजेतेपद. म्हणजे पुरुषांच्या खात्यावर एक रौप्य आहे तर महिलांच्या खात्यावर दोन. पैसा नव्हता, प्रवासाची सोय नव्हती, घरून विरोध होता, आणि वर्तमानपत्रांत चार ओळींपलीकडे जागा नव्हती. तरी त्यांनी ते करून दाखवलं.

२०२२ च्या जानेवारीत हीच स्पर्धा महाराष्ट्रात आली. नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम, अंधेरीचं मैदान आणि पुण्याचं बालेवाडी. बारा संघांची ही पहिलीच महिला आशियाई स्पर्धा. यजमान भारताने पहिल्या दिवशी इराणशी गोलशून्य बरोबरी केली, आणि मग संघात कोरोनाची इतकी लागण झाली की पुढच्या सामन्याला किमान लागणाऱ्या तेवढ्या खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत. स्पर्धेतूनच बाहेर पडावं लागलं. ६ फेब्रुवारीला नेरुळला चीनने दक्षिण कोरियाला दोन गोलांच्या पिछाडीवरून ३-२ असं हरवलं. आशिया खंडाचा फुटबॉलचा अंतिम सामना आपल्या राज्यात झाला आणि आमच्या गावापर्यंत त्याची बातमीसुद्धा धड आली नाही. जुलै २०२५ मध्ये मात्र आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच भूमीवर २-१ असं हरवून २०२६ च्या आशियाई करंडकात जागा मिळवली, पात्रता फेरी खेळून मिळवलेली पहिली जागा. पुरुषांच्या संघाला जे जमलं नाही ते त्यांनी केलं.

एक गोष्ट शेवटी मागायची आहे. रोव्हर्स करंडक बंद पडून वीस वर्षांहून अधिक काळ झाला. कंपन्यांचे आणि गिरण्यांचे संघ गेले, त्यांच्या नोंदवह्या कुठे गेल्या याचा ठाव नाही. पण मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी, पेडणे, बार्देश इथल्या किती घरांत कूपरेजची तिकिटं, संघांचे गटफोटो, वर्तमानपत्रांची कात्रणं ट्रंकेच्या तळाशी असतील. कोणाचे आजोबा गिरणीच्या संघात खेळले असतील, कोणाच्या आत्याने १९८० च्या सुमारास कॉलेजच्या मुलींचा संघ बांधला असेल. ते कागद वाळवीला देऊ नका. फोटोच्या मागे नावं आणि वर्ष पेन्सिलीने लिहा, एक प्रत तालुक्याच्या ग्रंथालयात द्या, आणि जी माणसं अजून आहेत त्यांना बोलतं करून त्यांचं बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. हे काम या उन्हाळ्यातच सुरू करा, कारण १९५६ आणि १९६२ पाहिलेली माणसं आता नव्वदीला टेकली आहेत.